क्लिक केल्यावर चित्र मोठं करायचंय: साधी लिंक, आयता लाइटबॉक्स की लायब्ररी?

लेखात नकाशा टाकला, तक्ता टाकला, फोटो टाकले, की वाचक त्यावर क्लिक करणारच. मग पुढे काय व्हावं, याचे चार मार्ग सध्या वापरात आहेत. चित्राला मोठ्या फाइलची साधी लिंक द्यायची. ब्लॉगर किंवा वर्डप्रेसमध्ये आयता मिळतो तो लाइटबॉक्स, म्हणजे पान झाकून पडद्यावर चित्र मोठं दाखवणारी सोय, वापरायचा. फोटोस्वाइप, जीलाइटबॉक्स, मीडियम-झूम अशी एखादी लायब्ररी, म्हणजे हेच काम करणारा दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, बसवायची. नाहीतर एचटीएमएलमधला डायलॉग हा पानावर खिडकी उघडणारा घटक घेऊन स्वतःच लिहायचं. दिसण्यावरून निवडायला गेलात तर चारही बरे वाटतील, कारण डेमो नेहमी मोठ्या स्क्रीनवर आणि देखण्या फोटोंवर दाखवतात. मला विचाराल तर निवड एका प्रश्नावर ठरते: तुमचं चित्र बघायचं आहे की वाचायचं? डोंगराचा फोटो बघायचा असतो. नकाशा, स्क्रीनशॉट, जुन्या कागदाचं स्कॅन, बारीक आकड्यांचा आलेख हे वाचायचे असतात.

फोनवरचं गणित

एक हिशेब आधी मांडतो. ब्राउझर मोजतो त्या मापात फोनची स्क्रीन ३६० पिक्सेल रुंद धरू. दोन्ही बाजूंना १६-१६ चा समास सोडला तर लेखातलं चित्र ३२८ रुंद दिसतं. वाचकाने त्यावर टॅप केलं, पडदा काळा झाला, चित्र सरकत सरकत कडेपर्यंत पसरलं. किती मोठं झालं? ३२८ चं ३६०, म्हणजे जेमतेम १० टक्के. जे अक्षर आधी वाचता येत नव्हतं ते आताही येत नाही. उलट आता बंद करायची फुली शोधावी लागते.

लॅपटॉपवर हीच गोष्ट अगदी वेगळी दिसते. ७०० पिक्सेलच्या रकान्यातलं चित्र १४०० पर्यंत जातं, सरळ दुप्पट. लोकेश ढाकर यांनी लाइटबॉक्सची मूळ स्क्रिप्ट २००५ मध्ये लोकांसमोर ठेवली. आयफोन आला २००७ मध्ये. ही कल्पना माउस आणि रुंद पडद्यासाठी जन्मली, आणि अजूनही अनेक लाइटबॉक्स तेवढ्यापुरतेच चांगले आहेत. फोनवर वाचकाला खरं तर दोन बोटांनी चित्र ताणता आलं पाहिजे. ते येत असेल तर बाकीची सजावट नसली तरी चालतं. ते नसेल तर बाकी सगळं असून फारसा उपयोग नाही.

मोठी फाइल मुळात आहे का?

क्लिक केल्यावर चित्र मोठं होतं पण धूसर दिसतं, ही तक्रार बहुतेक वेळा लाइटबॉक्सची नसतेच. पडद्यावर आलेली फाइलच लहान असते. ६४० पिक्सेलचं चित्र ताणून १४०० चं केलं तर नवा तपशील कुठून येणार? माउस वर नेला की चित्र फुगवणाऱ्या सीएसएसच्या युक्त्या हेच करतात, म्हणून मी त्यांना या तुलनेत धरलंच नाही.

किती मोठी फाइल लागते, तेही मोजता येतं. बऱ्याच फोनमध्ये वरच्या हिशेबातल्या एका पिक्सेलमागे पडद्याचे तीन खरे पिक्सेल असतात. ३६० रुंदीला १०८० लागतात ते फक्त पूर्ण रुंदीत स्वच्छ दिसण्यासाठी. वाचक अडीचपट ताणणार असेल तर २७०० लागतील. म्हणून नकाशाला २५०० ते ३००० रुंदीची फाइल ठेवा. फोटोला १६०० ते २००० पुरतात. स्क्रीनशॉट आणि अक्षरं असलेली चित्रं पीएनजीमध्ये, फोटो जेपीईजी किंवा वेबपीमध्ये. अक्षरांच्या कडेला जेपीईजीने जो धुरकटपणा येतो तो मोठं केल्यावर आणखी टोचतो.

वर्डप्रेसची इथे एक खोच आहे. २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठा जेपीईजी फोटो चढवला की वर्डप्रेस त्याची २५६० ची प्रत करतो, फाइलच्या नावाला शेवटी ‘स्केल्ड’ (-scaled) जोडतो आणि पुढे तीच प्रत मूळ म्हणून वापरतो. खरी मूळ फाइल सर्व्हरवर असते, पण लिंक तिच्याकडे जात नाही. स्कॅन केलेल्या नकाशाची लिंक हाताने देताना नावातला तो शेवटचा तुकडा काढला की मूळ फाइल उघडते.

ब्लॉगरमध्ये माप चित्राच्या पत्त्यातच लिहिलेलं असतं. पत्त्यात एस३२० (s320) असेल तर लांब बाजू ३२० पिक्सेल, एस१६०० असेल तर १६००, आणि एस० म्हणजे मूळ माप. जुन्या पोस्टमध्ये दिसणारं चित्र एस३२० किंवा एस४०० चं आणि लिंक एस१६०० ची, अशी जोडी सर्रास सापडते. लिंकमध्येही लहान आकडा आला असेल तर तो बदलायचा, एवढाच उपाय. दहा सेकंदांचं काम आहे, आणि यासाठी लोक आख्खी थीम बदलताना दिसतात.

साधी लिंक

चित्र मोठ्या फाइलच्या लिंकमध्ये गुंडाळायचं. वर्डप्रेसमध्ये हा पर्याय लिंकच्या बटणाखाली, आवृत्तीनुसार मीडिया फाइल किंवा इमेज फाइल अशा नावाने मिळतो. ब्लॉगर चित्र टाकतानाच अशी लिंक देतो. क्लिक केल्यावर ब्राउझर नुसती फाइल उघडतो. दिसायला रुक्ष आहे, हे मान्य. पण वाचायच्या चित्रासाठी मला आजही हाच मार्ग सगळ्यांत भरवशाचा वाटतो. फोनवर दोन बोटांनी हवं तेवढं ताणता येतं, कारण ते ब्राउझरचं स्वतःचं काम आहे. लॅपटॉपवर चित्र आधी खिडकीत मावेल एवढं दिसतं आणि आणखी एका क्लिकने खऱ्या मापावर जातं. बॅक दाबलं की वाचक लेखात परत येतो, आणि बहुधा जिथे होता तिथेच. जावास्क्रिप्ट अडली तरी काही बिघडत नाही. वर्षभराने थीम बदलली, प्लगइन काढलं, तरी लिंक शाबूत राहते.

तोटे दोन. वाचक लेखाबाहेर जातो, आणि दहा फोटोंची मालिका असेल तर दहा वेळा आत-बाहेर करावं लागतं. लिंक नव्या टॅबमध्ये उघडू नका. फोनवर बॅक दाबून परत येण्याची जी सवय असते ती नव्या टॅबमध्ये फसते. आणि वर्डप्रेसमध्ये मीडिया फाइलऐवजी चुकून अटॅचमेंट पेज निवडलं गेलं तर त्याच मापाचं चित्र असलेलं वेगळं पान उघडतं. कोणालाच नको असलेली ती सोय ६.४ पासून नव्या साइटवर मुळात बंदच ठेवतात, हे बरं झालं.

आयता लाइटबॉक्स: ब्लॉगर आणि वर्डप्रेस

ब्लॉगरने ही सोय २०११ मध्येच दिली. सेटिंगमध्ये पोस्टच्या भागात चालू-बंद करता येते. चालू असेल तर पोस्टमधली सगळी चित्रं एका काळ्या पडद्यावर उघडतात, खाली छोट्या चित्रांची पट्टी येते. ही सोय लिंकच्या जिवावरच चालते, म्हणून पडदा उघडला नाही तर निदान फाइल उघडते. अटी दोन: चित्र ब्लॉगरवरच चढवलेलं हवं, आणि त्याची लिंक चित्राकडेच जायला हवी. बाहेरून घेतलेल्या थीममध्ये पान हलकं करायच्या नादात ब्लॉगरची स्वतःची जावास्क्रिप्ट बंद केलेली असते; तिथे सेटिंग कितीही चालू ठेवलं तरी काही उघडत नाही. सगळं नीट असूनही लाइटबॉक्स येत नसेल तर संशयित पहिला हाच.

वर्डप्रेसमध्ये आयती सोय यायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. ६.४ आवृत्तीपासून इमेज ब्लॉकला क्लिकवर मोठं करण्याचा पर्याय मिळतो. प्रत्येक चित्राला वेगळा देता येतो, किंवा थीमच्या सेटिंगमधून सगळ्या साइटला एकदम. कुठलंही प्लगइन नको, एस्केप दाबून बंद होतो, कीबोर्डने उघडतो. ज्याच्या लेखात दोन-चार फोटो असतात त्याने यापलीकडे शोधायची गरज नाही. पण मर्यादा लक्षात घ्या. चित्र स्क्रीनमध्ये मावेल एवढंच मोठं होतं. आणखी आत शिरायचं बटण नाही. म्हणजे वरचं १० टक्क्यांचं गणित इथे पुरेपूर लागू. चित्राला लिंक असेल तर हा पर्याय मिळत नाही, दोहोंपैकी एकच. त्यामुळे स्क्रिप्ट न चालल्यास मागे आधाराला लिंकही उरत नाही. जुन्या क्लासिक एडिटरमध्ये लिहिलेल्या लेखांना तर याचा काहीच लाभ होत नाही.

लायब्ररी

इथे गर्दी आहे, पण कामाच्या गोष्टी मोजक्याच. फोटोस्वाइप मला या सगळ्यांत उजवी वाटते, कारण ती फोनचा विचार करून बांधलेली आहे: दोन बोटांनी ताणणं, दोनदा टॅप करून आत जाणं, बोटाने सरकवून पुढचा फोटो. जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची वेगळी लायब्ररी लागत नाही, परवाना एमआयटी म्हणजे फुकट वापरता येणारा, आणि मुख्य भाग क्लिक केल्यावरच उतरवायची सोय आहे. ती लिंकवरच उभी असल्याने स्क्रिप्ट पडली तरी फाइल उघडते. तिची एक अट लोकांना जेरीस आणते: प्रत्येक मोठ्या चित्राची रुंदी आणि उंची आधी लिहून द्यावी लागते. चुकीची दिलीत तर चित्र चेपलेलं किंवा ताणलेलं दिसतं. वर्डप्रेसवर हे काम प्लगइन करून देतं. हाताने लिहिलेल्या पानांवर ते तुमच्या गळ्यात पडतं.

लाइटबॉक्स-२ हा त्या २००५ च्या स्क्रिप्टचा वारस. त्याला जेक्वेरी लागते. थीममध्ये ती आधीच असेल तर ठीक, फक्त एवढ्यासाठी आणू नका. मीडियम-झूम फार सुबक आहे: चित्र जागच्या जागी फुलतं, पान सरकवलं की मिटतं. पण पुढचं-मागचं नाही, आणि चिमटीने ताणायची स्वतःची सोयही नाही, म्हणून फोटो-लेखापुरती. फॅन्सीबॉक्समध्ये मागाल ते आहे, मात्र व्यावसायिक साइटसाठी परवाना विकत घ्यावा लागतो. अनेकजण हे न वाचताच ती बसवतात. जीलाइटबॉक्स हलकी, एमआयटी परवान्याची, आणि चित्रांबरोबर व्हिडिओही उघडायचे असतील तर विचारात घ्यावी अशी.

स्वतः लिहायचं असेल तर

पूर्वी हे करू नका असंच सांगावं लागे. पान झाकणारा पडदा स्थिर ठेवायचा, आणि त्याच्या बाहेरच्या एखाद्या घटकाला ट्रान्सफॉर्म (हलवण्या-फिरवण्याचा सीएसएस नियम) लावलेला असला की पडदा भलत्याच कोपऱ्यात अडकायचा. मेन्यू त्याच्या वर तरंगायचा. टॅब दाबला की फोकस मागच्या पानात हरवायचा. मार्च २०२२ पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरमध्ये डायलॉग घटक चालतो आणि ही दुखणी बरीचशी संपली. तो सगळ्या थरांच्या वर उघडतो, एस्केपने बंद होतो, मागचं पान निष्क्रिय करतो आणि बंद झाल्यावर फोकस जिथून आला तिथे परत देतो. वीस-तीस ओळींत काम होतं. ज्याला थोडंफार कोड लिहिता येतं आणि पानावर परकी स्क्रिप्ट नको आहे, त्याने जरूर करावं. फोनवरचं ताणणं मात्र इथेही फुकट मिळत नाही. निदान पानाच्या कोडमधल्या व्ह्यूपोर्टच्या ओळीत, म्हणजे फोनवर पान कसं बसवायचं ते सांगणाऱ्या ओळीत, झूम बंद केलेला नाही ना, ते पाहा. अनेक थीम तो गुपचूप बंद करतात.

मग कोणी काय घ्यावं

ब्लॉगरवर असाल तर आयता लाइटबॉक्स चालू ठेवा आणि सगळा वेळ लिंकमधलं माप तपासण्यात घाला. वर्डप्रेसवर अधूनमधून फोटो टाकत असाल तर आयती सोय. फोटो हाच मजकूर असेल, पंधरा-वीस चित्रांच्या मालिका असतील, तर फोटोस्वाइपवर चालणारं प्लगइन. आणि त्याच साइटवर नकाशा किंवा तक्ता आला तर तेवढ्या चित्राला लाइटबॉक्समधून वगळून साधी लिंक द्या, खाली ‘मोठ्या आकारात पाहा’ असं लिहा. एकाच साइटवर दोन पद्धती ठेवायला काहीही हरकत नाही.

एकाच चित्रावर दोन पद्धती मात्र नकोत. थीमचा लाइटबॉक्स, पेज बिल्डरचा लाइटबॉक्स आणि वरून प्लगइनचा, असे तिघे एका क्लिकवर धावून आले की पडद्यावर पडदा चढतो आणि एक बंद केला तरी दुसरा उरतो. असं झालं तर प्लगइन एकेक बंद करत जा, शेवटी थीमचं सेटिंग पाहा. मग फोन हातात घ्या, नकाशा उघडा, त्यातलं सगळ्यांत बारीक गावाचं नाव वाचता येतंय का ते बघा. नंतर माउस बाजूला ठेवून टॅब आणि एंटरने तेच चित्र उघडून एस्केपने बंद करा. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला मोठ्या चित्रातही पर्यायी मजकूर ऐकू यायला हवा. लहान चित्राला तो दिलेला असतो आणि मोठ्याला रिकामा जातो, असं काही लायब्रऱ्यांत घडतं.