सांगूनसवरून ठगाचीच पेटी घेतली

मे संपत आला होता. देवगडचा आमचा आंबा आटोपला, दलालाकडून हिशेब नुकताच हातात पडलेला. पेटी विकणारा तो पाहुणा बरोबर त्याच आठवड्यात आला.

काळपट लाकडी पेटी, पितळी कडी, आतून बारीक टिकटिक. म्हणे मुंबईला दारूखान्यात जहाज तोडताना सापडली. व्हिक्टर लस्टिगची. 1925 साली पॅरिसचा आयफेल टॉवर भंगारात विकला तो ठग. तो कैदेत मेला आणि पेटीला शाप लागला. नोटा दुप्पट करते, पण सात रात्रींच्या आत उघडली किंवा कुणाला सांगितलं, तर नोटांचा कागद होतो आणि घरातलं माणूस जातं.

हसाल तुम्ही. पण बायंगी, म्हणजे घरात पैसा आणणारं भूत, विकत आणून गबर झालेल्यांच्या गजाली ऐकतच आम्ही मोठे झालो.

सकाळी पाचशेची एक नोट घातली, संध्याकाळी दोन निघाल्या. बँकेच्या मशीनने दोन्ही घेतल्या. घेणारच, दोन्ही खऱ्या होत्या. दुसरी त्याच्या खिशातली. नक्कल असती तर नंबर तोच आला असता ना? मी तार बघितली, गांधीजी उजेडात धरून बघितले. नंबर बघितला नाही.

माझे ऐंशी हजार त्यानेच आत रचले. पेटीचे पंचवीस हजार वेगळे.

आई म्हणाली, "माका ह्यां बरा दिसणा नाय, भायर ठेव." तिला दम्याचा त्रास. तिसऱ्या रात्री मलाही संशय आला, पण तिचा श्वास ऐकत पडून राहिलो, कडीला हात लावला नाही. आठव्या दिवशी उघडली तर नोटेच्या मापाने कापलेलं वर्तमानपत्र. मागची फळी उचकटली, तिथे भिंतीवरच्या घड्याळाचं मशीन आणि एक पेन्सिल सेल. त्याचा फोन बंद. मग पोलिसांत गेलो.

भाच्याने नंतर शोधून वाचून दाखवलं. लस्टिग अशी पेटी खरंच विकायचा. एका नोटेला सहा तास लागतात म्हणायचा. आत दडवलेल्या शंभर डॉलरच्या खऱ्या नोटा संपून कोरा कागद येईस्तोवर तो लांब पोचलेला असे. शापाचं नाव कुठेच नाही. तो आमच्या पाहुण्याने जोडला. त्याला सात दिवस हवे होते आणि माझं तोंड बंद हवं होतं.

पुढे वेंगुर्ल्याकडे जाणार म्हणत होता. त्या बाजूला कुणाच्या ओटीवर टिकटिकणारी पेटी आली, तर आधी मागची फळी काढा.