हाडांच्या ठिसूळपणावरची औषधं: दातांच्या बाजूने पाहिलं तर कोणतं घ्यावं?

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याहून खाली आला की डॉक्टर साधारण तीन पर्याय पुढे ठेवतात. आठवड्यातून एकदा गोळी, वर्षातून एकदा सलाईन, नाहीतर दर सहा महिन्यांनी इंजेक्शन. घरी विचार चालू असतो तेवढ्यात कुणीतरी सांगतं की या औषधांनी जबड्याचं हाड सडतं, आणि निर्णय तिथेच अडतो. मी दातांची डॉक्टर आहे. ही भीती निराधार नाही, पण तिचं माप फार चुकीचं घेतलं जातं, असं माझं मत आहे.

आधी दुखणं समजून घेऊ. हाड सतत झिजतं आणि पुन्हा घडतं. ही औषधं हाड झिजवणाऱ्या पेशींना आवर घालतात, म्हणून मणके आणि खुबा वाचतो. पण दाढ काढल्यावर तिथला खड्डा भरून यायलासुद्धा त्याच पेशींची मदत लागते. जबड्यावर हिरडीचा थर पातळ असतो आणि तोंडात जंतू कायमचेच. त्यामुळे क्वचित कधी जखम भरत नाही, हाड उघडं राहतं आणि तिथे पू होतो. बहुतेक वेळा हे खालच्या जबड्यात घडतं. असं हाड आठ आठवड्यांहून जास्त काळ उघडं राहिलं आणि त्या भागाला पूर्वी रेडिएशन दिलेलं नसेल, तर त्याला औषधामुळे झालेला जबड्याचा ऑस्टिओनेक्रोसिस म्हणतात. २००३ मध्ये रॉबर्ट मार्क्स यांनी याकडे पहिल्यांदा लक्ष वेधलं.

तेव्हाचे बरेचसे रुग्ण कर्करोगाचे होते, आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. कर्करोग हाडात पसरल्यावर झोलेड्रोनिक ॲसिड (वर सांगितलेलं सलाईन) ४ मिलिग्रॅम दर तीन-चार आठवड्यांनी देतात. ठिसूळ हाडांसाठी ते ५ मिलिग्रॅम वर्षातून एकदाच. डेनोसुमॅब (सहा महिन्यांचं इंजेक्शन) तिथे १२० मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी, इथे ६० मिलिग्रॅम सहा महिन्यांनी. नाव तेच, पण अंगात जाणारं औषध कित्येक पटींनी कमी. कर्करोगाच्या रुग्णांचे आकडे वाचून आईची गोळी बंद करू नका.

आता एकेक पर्याय पाहू. अमेरिकेतल्या तोंड आणि जबड्याच्या सर्जन मंडळींच्या संघटनेने २०२२ मध्ये दिलेले अंदाज मी वापरते.

अलेंड्रोनेट, आठवड्याला ७० मिलिग्रॅमची गोळी. धोका दहा हजारांत पाचपर्यंत. ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जुनी वाट. सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचंही नाही. गोळी चघळली किंवा तोंडात विरघळू दिली तर तोंड येतं, जखमा होतात. गिळायला त्रास असेल किंवा अन्ननलिकेचा आजार असेल तर ही गोळी नको. औषध हाडाला चिकटून वर्षानुवर्षं राहतं, त्यामुळे दाढ काढण्याआधी चार दिवस गोळी बंद केली म्हणून फारसा फरक पडत नाही.

झोलेड्रोनिक ॲसिड, वर्षातून एकदा सलाईन. गोळी विसरणाऱ्यांना किंवा न पचणाऱ्यांना हे सोयीचं. पहिल्या वेळी एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी होऊ शकते. किडनीचं काम बरंच मंदावलेलं असेल तर देता येत नाही. दातांच्या बाजूने मला यातली एक गोष्ट फार बोलकी वाटते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या मोठ्या चाचणीत सात हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. जबड्याचा हा त्रास औषध घेणाऱ्या गटात एकीला झाला आणि खोटं औषध घेणाऱ्या गटातही एकीलाच. त्याच चाचणीत मणक्यांची नवी फ्रॅक्चर ७० टक्क्यांनी आणि खुब्याची ४१ टक्क्यांनी कमी झाली.

डेनोसुमॅब, सहा महिन्यांनी कातडीखाली इंजेक्शन. इथे जरा थांबायला हवं. जबड्याचा धोका दहा हजारांत ४ ते ३० धरला जातो, म्हणजे गोळीपेक्षा थोडा जास्त. चाचणीत दहा वर्षं हे औषध चालू ठेवलेल्यांमध्ये तो वर्षाला दहा हजारांत पाचच्या आसपास निघाला. याची चांगली बाजू अशी की हे हाडात साठून राहत नाही, सहा महिन्यांत असर ओसरतो. म्हणून दाढ काढायची वेळ आलीच तर शेवटच्या इंजेक्शननंतर तीन-चार महिन्यांनी काढणं अनेक जण पसंत करतात, म्हणजे पुढच्या इंजेक्शनपर्यंत जखम भरायला वेळ मिळतो. पण असर ओसरतो हाच मोठा धोकाही आहे. तारीख लांबवली, किंवा बदली औषध न घेता बंद केलं, तर हाडांची झीज उसळून परत येते आणि एकामागून एक मणके दबू शकतात. दाताच्या भीतीने डेनोसुमॅबचं इंजेक्शन चुकवणं ही मला या सगळ्यातली सर्वांत घातक चूक वाटते. ज्यांना दर सहा महिन्यांनी नक्की दवाखान्यात जाणं जमणार नाही, त्यांनी हे सुरूच करू नये. किडनी कमकुवत असलेल्यांना मात्र अनेकदा हेच सुचवलं जातं, तेव्हा कॅल्शियमवर नीट लक्ष ठेवून.

टेरिपॅराटाइड वेगळ्या जातीचं औषध. ते झीज थांबवत नाही, नवं हाड घडवतं. जबड्याच्या या त्रासाशी त्याचा संबंध जोडला जात नाही, उलट तो बरा करायलाही काही ठिकाणी वापरतात. पण रोज स्वतःला टोचून घ्यायचं, खर्च मोठा, साधारण दोन वर्षांची मर्यादा, आणि मिळवलेलं हाड टिकवायला नंतर वरच्यांपैकी एखादं औषध घ्यावंच लागतं. मणके आधीच मोडलेले असतील तर जरूर विचारा. फक्त दातांसाठी मी ते सुचवणार नाही.

रॅलॉक्सिफेन रोजची गोळी. मणक्यांना उपयोगी, पण खुब्याचं फ्रॅक्चर कमी झाल्याचं दिसलेलं नाही, आणि पायात रक्ताची गुठळी झालेल्यांना वर्ज्य.

माझा कौल? हिरड्या धड असतील आणि किडनी व पोट साथ देत असेल, तर गोळी किंवा वर्षाचं सलाईन. या दोघांत जबड्याच्या धोक्यावरून निवड करण्याइतका फरक नाही, सोय बघा. जास्त फरक पडतो तो सुरू करण्याआधी तोंडाची अवस्था काय आहे याने. हलणारा दात, पू येणारी हिरडी, टोचणारी कवळी, आटोक्यात नसलेला मधुमेह, रोज घेतली जाणारी स्टेरॉइड्स, तंबाखू आणि आपल्याकडच्या कित्येक आज्या अजून सोडायला तयार नसलेली मिश्री, या सगळ्यांनी धोका वाढतो. घाई नसेल तर आधी दातांचा एक एक्स-रे काढून घ्या, काढायचे दात काढा, जखम भरू द्या, मग पहिला डोस. खुबा नुकताच मोडला असेल तर मात्र औषध थांबवून ठेवू नका, दोन्ही कामं बरोबर चालू द्या.

औषध आधीच सुरू असेल तरी दात साफ करणं, चांदी-सिमेंट भरणं, रूट कॅनाल बेधडक करून घ्या. शक्य तिथे दाढ काढण्याऐवजी रूट कॅनाल करून मूळ वाचवावं, असाच आमचा प्रयत्न असतो. इम्प्लांट बसवायचं असेल तर थोडं जपून. दातांच्या डॉक्टरांना औषधाचं नाव, किती वर्षं चालू आहे आणि शेवटचा डोस कधी झाला, हे न विचारता सांगा. वर्षाचं सलाईन पुष्कळांच्या लक्षातच राहत नाही, कारण ते रोजच्या गोळ्यांच्या डबीत नसतं. आणि दाढ काढल्यावर जखम भरेना, जिभेला खरखरीत हाड लागलं किंवा खालचा ओठ बधिर वाटला, तर आठ आठवडे मोजत बसू नका. सुरुवातीला दाखवलं तर बहुतेकदा क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या आणि गरज पडल्यास अँटिबायोटिक यांवर आटोक्यात ठेवता येतं.