सरकारी रुग्णालयातला बाळंतिणींचा एचडीयू (वॉर्ड आणि आयसीयूच्या मधला, जास्त लक्ष ठेवायचा कक्ष), वडोदरा: पाचपैकी चार तारे

धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आमच्या दांडिया बाजारातल्या घरी. बाळंतपण एका खासगी नर्सिंग होममध्ये झालं, लगेच घरीही सोडलं. दुसऱ्याच दिवशी तिचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. फोन केला तर तिथून उत्तर आलं, ‘जागरणानं होतं, गोळी द्या.’ बीपी तपासायला या, एवढंही कुणी म्हणालं नाही. संध्याकाळी तिला आकडीचा झटका आला. १०८ बोलावून या सरकारी रुग्णालयात आणलं.

दारातच पहिला प्रश्न आला, ‘डिलिव्हरी कधी झाली?’ बीपी १७०/११० होतं. केसपेपर निघायच्या आत झटके थांबवणारं औषध, मॅग्नेशियम सल्फेट, सुरू झालं होतं. आईला वाटत होतं, बाळ झालं म्हणजे धोका टळला. निवासी डॉक्टरांनी तिला बाजूला बसवून सांगितलं, ‘मासी, हे एक्लॅम्प्सिया, बीपी वाढून येणारे झटके. बाळंतपणानंतरही होतं.’

खरं कौतुक रात्रपाळीच्या सिस्टरचं. एका बाईमाणसाला आत थांबू देतात, म्हणून मी डोळ्यांनी पाहिलं. दर चार तासांनी कमरेत त्याच औषधाचं इंजेक्शन; पण त्याआधी प्रत्येक वेळी गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का बघायचं, मिनिटाला श्वास सोळाच्या खाली नाहीत ना ते मोजायचं, लघवी तासाला निदान ३० मिली होतेय का ते पिशवीवर वाचायचं. औषध अंगात जास्त झालं तर आधी हातोडीनं पाय उडायचा थांबतो, मग श्वासावर येतं. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट उशाशीच काढून ठेवलेलं. मॉनिटर होताच, तरी पहाटे तीन वाजताही सिस्टर तिच्या छातीकडे बघत घड्याळ लावून श्वास मोजत होत्या. शेवटच्या झटक्यानंतर २४ तास हे असंच चाललं. व्हेंटिलेटर लागला तर आयसीयूत हलवू, असं आधीच सांगितलं होतं. तशी वेळ आली नाही. ती शुद्धीवर आल्यावर त्याच सिस्टरनी तिला कुशीवर वळवून बाळ पाजायला लावलं. ‘या औषधानं दूध बंद करायचं नसतं, बेन.’

एक तारा का कापला? रक्ताचे नमुने नातेवाइकांनीच लॅबमध्ये पळत नेऊन द्यायचे. प्लेटलेट आणि लिव्हरच्या रिपोर्टवर सगळं अवलंबून असताना भावजींना जिन्यात रस्ता विचारत फिरावं लागलं. ज्या बाईबरोबर एकच माणूस असेल, तिनं काय करायचं? यासाठी शिपाई हवाच. बाहेर बसायला बाकंही पुरेशी नाहीत.

स्वच्छता ठीक. खर्च जवळजवळ काहीच नाही.

सोडताना बीपीच्या गोळ्या दिल्या आणि कागदावर ठळक लिहिलं: डोकेदुखी, अंधुक दिसणं, पोटात वरच्या बाजूला दुखणं, यातलं काहीही झालं तर रात्री-अपरात्री या. पुढच्या वेळी दिवस गेल्याचं कळताच दाखवायचं, हे पुन्हा होऊ नये म्हणून सोळाव्या आठवड्याच्या आत कमी डोसची ॲस्पिरिन सुरू करावी लागेल, हे डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला समोर बसवून दोनदा समजावलं.