बर्फावर आरसी बोट: पाण्याची की पंख्याची?

मिनेसोटातल्या भाच्याचा प्रश्न: तळं गोठलंय, तर घरातली आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी छोटी स्पीडबोट बर्फावर पळवू की पंख्याची एअरबोट घेऊ?

खर्चात स्पीडबोट पुढे, कारण ती घरात आहेच. मात्र अनेक स्वस्त बोटींना तळाशी पाणी ओळखणारे सेन्सर असतात. ते कोरडे राहिले तर मोटर फिरतच नाही.

खरी अडचण तापमानाची आहे. बाहेर उणे दहा असलं तरी मोटर तापते! तिला थंड ठेवणारं पाणी चालत्या बोटीत तळ्यातूनच नळीत शिरतं. बर्फावर नळी कोरडी, शिवाय भुसभुशीत बर्फात प्रोपेलर रुतून मोटरवरचा ताण वाढतो. म्हणून एक-दोन मिनिटं पळवायची, मग मोटरला आणि ईएससीला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटला) हात लावून बघायचं. कडक बर्फावर प्रोपेलरची पाती आणि खालचं सुकाणू तुटतात.

एअरबोटीचा पंखा वर हवेत, सुकाणूही त्याच्या मागे. सपाट तळ बर्फावर मस्त घसरतो. पण चढावर ती दमते, वळणं लांबलचक घेते आणि ब्रेक नसतोच. उघडा पंखा बोटं कापू शकतो, जाळी हवीच.

थंडीत लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी दोन्हींत लवकर उतरते. ती खिशात उबदार ठेवावी, गोठलेली कधीच चार्ज करू नये.

एखाद्या दुपारची हौस असेल तर ताज्या बर्फावर स्पीडबोट चालेल. हिवाळाभर खेळायचं असेल, तर मी एअरबोटच घेईन.