जास्वंद की एक्झोरा? आधी पाणी बघा

एकाच झुडपापुरती जागा आहे आणि जास्वंद लावू की एक्झोरा यावर मन अडलंय, तर फुलांचा विचार नंतर करा. आधी एखाद्या जुन्या कुंडीचा काठ बघा. तिथे पांढरा थर साचलाय? म्हणजे पाणी क्षारांचं आहे, आणि माझं मत तिथेच जास्वंदीकडे झुकतं.

एक्झोरा हा कॉफीच्या कुळातला. त्याला आम्लधर्मी माती लागते, सामू (pH, मातीचा आम्लपणा सांगणारा आकडा; जितका कमी तितकी माती आम्ल) साधारण 5 ते 6. क्षारांचं पाणी मुरत राहिलं की सामू चढतो, आणि मग मातीत लोह असूनही मुळांना ते मिळत नाही. शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर दुखणं वेगळं, बहुतेक नत्राच्या (नायट्रोजनच्या) कमतरतेचं. हा फरक मला कळायला वर्ष गेलं. नव्या गिलाव्याच्या भिंतीला लागून एक्झोरा लावला होता. पानं पिवळी दिसली की मी युरिया टाकायचो आणि झाड आणखीच फिकट व्हायचं. भिंतीतला चुना मातीत उतरत होता. शेवटी रोप उकरून कुंडीत हलवलं, चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातल्या लोहाची, फवारणी केली, तेव्हा कुठे नवी पालवी हिरवी आली.

जास्वंदीलाही किंचित आम्ल माती आवडते, पण ती इतकी रुसत नाही. तिचं मागणं वेगळं: दिवसाला निदान सहा तास ऊन, नियमित पाणी, आणि खत. खादाड झाड आहे. पालाश (पोटॅश) भरपूर द्या, स्फुरदाचा (फॉस्फरसचा) हात मात्र आखडता ठेवा. फुलांसाठी म्हणून मिळणारी स्फुरदाची खतं हिला मानवत नाहीत. फूल नव्या फुटीवर येतं, म्हणून वाढीच्या हंगामाआधी एक तृतीयांश फांद्या बिनधास्त छाटा. त्यानंतर दोन-तीन महिने फुलांची वाट बघावी लागते, एवढी तयारी ठेवा.

फूल टिकतं बहुधा एकच दिवस. कळ्या न उमलताच गळणं ही जास्वंदीची नेहमीची तक्रार. गळलेली कळी नखाने उकलून पांढऱ्या कागदावर झटका. बारीक, लांबुडके ठिपके चालायला लागले तर ते फुलकिडे. काहीच नाही पडलं, तर पाण्याची अनियमितता तपासा. आणि खोडावरून मुंग्यांची रांग चढताना दिसली की वर मावा किंवा पिठ्या ढेकूण (दोन्ही रस शोषणाऱ्या किडी) आहे असं समजूनच पानं उलटून बघा. पाण्याचा जोरदार फवारा आणि मग कडुनिंबाचं तेल, बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

ज्यांना रोज कुंडीपाशी जाणं जमत नाही त्यांना एक्झोरा बरा. एकेक घोस काही आठवडे टिकतो, कीड त्या मानाने कमी, वाढ संथ. पण घोस शेंड्यालाच येतात, तेव्हा कुंपण चौकोनी दिसावं म्हणून सारखी कात्री चालवलीत तर फुलंच कापली जातील. बहर ओसरल्यावर हलकी छाटणी पुरे.

कलमाचं म्हणाल तर साध्या एकेरी जास्वंदीची पेन्सिलएवढी फांदी सहज मुळं धरते. एक्झोराची रडतखडत, त्यापेक्षा तयार रोपच आणा. दहा अंशांच्या खाली पारा गेला तर दोघांनाही आडोसा लागतो.

पावसाचं पाणी साठवता येत असेल, तर मी स्वतः ठेंगण्या जातीचा एक्झोरा घेईन. फक्त भिंतीपासून हातभर लांब, आणि निवडताना घोस न मोजता शेंड्याची पानं बघून. रोपवाटिकेतच पान पिवळं नि शिरा हिरव्या दिसल्या, तर ते रोप तिथेच राहू द्या.