‘पी. एस. आय लव्ह यू’: महिन्याला एक पाकीट, या हिशोबानं वाचून झाल्यावर

सरळच सांगते. ही कादंबरी प्रेमकथा म्हणून खपते आणि प्रेमकथा म्हणून ती ठीकठाक आहे. घरच्यांची गोष्ट म्हणून मात्र ती बरीच वरची आहे. फक्त ते कळायला सावकाश वाचावी लागते, आणि बहुतेक जण ती दोन रात्रींत संपवून, रडून मोकळे होतात. (पुढे कथानक उघड केलंय. ज्यांना चालत नाही त्यांनी शेवटच्या दोन परिच्छेदांवर जावं.)

सिसिलिया अहर्न यांचं हे पहिलं पुस्तक, २००४ सालचं. तेव्हा त्या २२ वर्षांच्या होत्या आणि वडील बर्टी अहर्न आयर्लंडचे पंतप्रधान होते. त्यामुळे ‘वशिल्यानं छापलं असेल’ अशी शंका मनात येतेच. पहिली पन्नासेक पानं ती शंका पूर्ण जातही नाही, कारण भाषा अगदी साधी, कुठेकुठे भाबडी आहे. पुढे ती विसरायला होते.

डब्लिनमधली हॉली, तिशीला टेकलेली. नवरा जेरी मेंदूतल्या गाठीनं गेलाय. ती घरात पडून असते, आंघोळीचंही भान नसतं. मग कळतं, की जेरीनं तिच्यासाठी तिच्याच आईकडे एक पाकीट पोचवून ठेवलंय. आत दहा छोटी पाकिटं, मार्च ते डिसेंबर. दर महिन्याला एकच उघडायचं. प्रत्येकात काहीतरी करायला सांगितलेलं आणि खाली ‘पी. एस. आय लव्ह यू’, म्हणजे ‘ता. क. माझं तुझ्यावर प्रेम आहे’.

मीही ती तशीच वाचली, मार्चमध्ये सुरू करून महिन्याला एक टप्पा. त्याला कारण माझी काकू. काका जाऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं. काकू इंग्रजी वाचत नाही, पण गोष्ट ऐकायला तिला आवडतं. मग रविवारी फोनवर मी जेवढी वाचली तेवढी सांगायची, असं ठरून गेलं. त्यामुळे हा अभिप्राय अर्धा तिचा आहे.

पहिल्या पत्रात जेरी काय सांगतो? पलंगाशेजारी ठेवायचा दिवा विकत घे. कारण रोज रात्री दोघांचं भांडण ठरलेलं, उठून लाईट कोण बंद करणार? जो उठेल त्यानं अंधारात परत येताना पाय ठेचून घ्यायचा. आता हे काम कायम तिच्याच वाट्याला येणार, म्हणून दिवा. लेखिकेनं पहिल्याच पत्रात ताजमहाल बांधला नाही, हे मला फार आवडलं. काकू हसली. म्हणाली, “आमचं पंख्यावरून होतं. ह्यांना पाचवर लागायचा, मला दोनवर. आता दोनवरच असतो, पण झोप कुठे लागते मेली!”

पुढे एका टप्प्यात हॉली जेरीचे कपडे काढून पिशव्यांत भरते. एकेक वस्तू हातात घेते, कुठे घेतली होती ते आठवते, मग पिशवीत टाकते. या पानांवर लेखिका घाई करत नाही. ते मी सांगितलं तेव्हा आमच्याकडे पाऊस लागला होता आणि काकू बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “शर्ट सगळे देऊन टाकले गं मी. एक स्वेटर ठेवलाय. कुठे ते विचारू नकोस.” मी विचारलं नाही.

आता तक्रारी. मधला भाग लांबलाय, आणि चांगलाच. मैत्रिणींची दारू पिऊन घातलेली धिंगाणा-रात्र, तिचं धाकट्या भावानं केलेलं चित्रण, कॅराओकी, लान्झारोटे या स्पॅनिश बेटावरची सहल. प्रसंग मजेशीर आहेत, पण तोच विनोद तीनतीनदा येतो. डेनिस ही मैत्रीण तर विनोदासाठीच ठेवल्यासारखी वाटते. काकूचं मत आणखी थेट होतं : “ह्या पोरीला आधी कामाला लावा कुणीतरी.” (लावतात. पत्रातूनच नोकरीचं सुचवलेलं असतं, आणि एका मासिकात जाहिराती मिळवण्याचं काम तिला मिळतं.) शिवाय काकूचा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता, की जेरीनं एवढी पत्रं लिहिली, पण बँकेत नॉमिनेशन केलं होतं का? काकांच्या नावावरचं गॅस कनेक्शन बदलताना तिच्या चपला झिजल्यात, त्यामुळे प्रश्न रास्तच. हॉलीला पैशाची काळजी आहे, पण कादंबरी त्या बाजूला फार रेंगाळत नाही. सासरची माणसंही जेमतेम दिसतात. आपल्याकडे अशा वेळी सासू-सासरे, दीर, नणंदा यांच्यावाचून पानही हलत नाही. इथे हॉलीचा सगळा आधार माहेर आणि मैत्रिणी.

पण मैत्रिणींचाच एक धागा फार खरा उतरलाय. हॉली अजून दुःखात बुडालेली असताना डेनिसचं लग्न ठरतं, शॅरनला दिवस जातात. हॉलीला आनंद व्हायला हवा आणि तिला तो होत नाही. तिला राग येतो, जग पुढे चाललंय याचा. मग रागाची लाज वाटते. जवळचं माणूस गेलेल्या बाईला मत्सरही वाटू शकतो, हे लेखिका पदराखाली झाकत नाही. इतक्या गोड पुस्तकात एवढा खरेपणा मिळेल असं वाटलं नव्हतं.

आणि रिचर्ड. हॉलीचा सगळ्यात मोठा भाऊ. कडक, बोलायला तुटक, कुणाला नको असलेला सल्ला देणारा. जेवायला बसला की बाकीची भावंडं डोळे फिरवणार, असा. सुरुवातीला वाटतं, हा फक्त चेष्टेसाठी आहे. इकडे हॉलीची उजाड बाग हळूहळू नीट होत जाते. तण निघतं, गवत कापलं जातं, आणि कोण करतंय ते तिला कळत नाही. करत असतो रिचर्ड, न सांगता. त्याचा स्वतःचा संसार तेव्हा मोडत असतो, नोकरीही गेलेली असते. बहिणीला काय बोलून धीर द्यायचा ते या माणसाला जमत नाही, म्हणून तो खुरपं घेतो. जेरीच्या दहाही पत्रांपेक्षा मला ही बाग जास्त लागली. एकदा सलग वाचणाऱ्याला ती उपकथानक वाटेल. महिने मध्ये घालून वाचलं, की बागेचे उल्लेख आधीपासून कसे पेरत आणलेत ते दिसतं. काकूला तर नाव लक्षात राहीना, ती “तो बागवाला भाऊ” म्हणायची आणि दर रविवारी आधी त्याचीच चौकशी करायची.

डॅनियल नावाचा एक भला गृहस्थ येतो आणि आता याच्याशीच लावून देणार, असं वाटत राहतं. लावून देत नाहीत. डिसेंबरच्या पत्रात पुन्हा प्रेमात पडायला भिऊ नकोस असं जेरी लिहितो खरा, पण लेखिका लगेच नवा नवरा हजर करत नाही. शाब्बास.

२००७ सालचा हिलरी स्वँक आणि जेरार्ड बटलर यांचा सिनेमा आधी पाहिला असेल, तरी पुस्तक वाचायला हरकत नाही. सिनेमानं हॉलीला न्यूयॉर्कला नेलंय आणि भाऊ काढूनच टाकलेत. म्हणजे रिचर्ड नाही, बाग नाही. बटलर गोड दिसतो, पण तो सौदा मला परवडला नाही. २०१९ साली आलेला दुसरा भाग, ‘पोस्टस्क्रिप्ट’, सात वर्षांनंतरचा आहे. मरणाच्या दारातली काही माणसं आपल्या माणसांसाठी अशीच काही निशाणी मागे ठेवायची म्हणून हॉलीची मदत मागतात. तो जास्त प्रौढ आहे, पण पहिला वाचल्याशिवाय घेऊ नका.

इंग्रजी सोपं आहे. दहावीनंतर इंग्रजी पुस्तक हातात न धरलेल्यालाही अडणार नाही. प्रकरणं छोटी, त्यामुळे लोकल प्रवासातही जमतं, फक्त डोळ्यांना रुमाल जवळ हवा. जाडजूड पेपरबॅकचा कणा लवकर मोडतो, माझ्या प्रतीची मधली पानं सुटलीत, तेव्हा वाचनालयातून मिळाली तर आधी तिथूनच आणा. आणि ज्यांच्या घरी नुकतंच कुणी गेलंय त्यांना भेट म्हणून लगेच नेऊन देऊ नका. काकूला विचारलं होतं, तेराव्याला कुणी हे दिलं असतं तर? “तोंडावर फेकलं असतं,” म्हणाली. आता ‘पोस्टस्क्रिप्ट’ कधी सुरू करतेस म्हणून तीच मागे लागली आहे.