शून्य तासांची हार्ड डिस्क

नॅस घ्यायचा होता, म्हणजे हार्ड डिस्क बसवून घरच्या नेटवर्कला जोडायचा डबा. तो निवडायला मी तीन आठवडे घालवले. सिनॉलॉजी की क्यूनॅप, दोन कप्प्यांचा की चार, इंटेलचा प्रोसेसर असला की प्लेक्स या प्रोग्रामवर फोर-के सिनेमा अडखळत नाही म्हणतात ते कितपत खरं. रीतसर एक्सेल शीट केली होती. बायको म्हणाली, "आपल्या लग्नाच्या हॉलची चौकशीसुद्धा तू एवढी केली नव्हतीस." आणि त्या डब्यात बसवायच्या हार्ड डिस्क मात्र पाच मिनिटांत घेतल्या. बुडालो तो तिथेच.

ठेवायचं काय होतं, तर बाबांनी हाय-एट कॅमेऱ्यावर घेतलेले गावचे गणपती, ताईचं लग्न, आईच्या गाण्याच्या कॅसेटी, वीसेक हजार फोटो. टेपा एका स्टुडिओतून डिजिटल करून आणल्या होत्या. डीव्ही फॉरमॅटमध्ये तासाभराच्या टेपेला 13 जीबी लागतात, त्यामुळे साध्या पेनड्राइव्हचं हे काम नव्हतं.

लॅमिंग्टन रोडवर गेलो. सीगेटच्या एक्सॉस मालिकेतल्या 8 टीबीच्या दोन डिस्क, बाजारभावापेक्षा प्रत्येकी अडीच हजारांनी स्वस्त. "फ्रेश स्टॉक आहे साहेब, डोळे झाकून न्या. डेटा सेंटरला हाच माल चालतो." माणूस अगदीच खोटं बोलला नाही. डिस्क बहुधा तिथूनच चालून आल्या होत्या.

मी अगदीच भोळा नव्हतो बरं का. घरी आल्या आल्या क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम लावून पाहिला. वापराचे तास 0. खूश झालो. दोन्ही डिस्कची आरशासारखी जोडी लावली, म्हणजे रेड-1. एक गेली तरी दुसरीवर सगळं शाबूत. जुन्या बाहेरच्या डिस्कवरची प्रत पुसून ती भाच्याला देऊन टाकली. हा गाढवपणा माझा, दुकानदाराचा नाही.

चौथ्या महिन्यात एका रात्री डबा बोंबलायला लागला. एक डिस्क टकटक करत होती आणि सकाळपर्यंत मेली. नवी आणून बसवली, प्रत तयार व्हायला लागली. अशा वेळी उरलेल्या डिस्कला सगळा भाग सलग वाचून द्यावा लागतो, तासन् तास. तीही तितकीच झिजलेली. निम्म्याहून पुढे गेल्यावर तिच्यावर खराब सेक्टर निघायला लागले.

तेव्हा कुठे डिस्क हातात घेऊन नीट पाहिली. बाजूच्या स्क्रूच्या भोकांत आटे खरवडून चकाकत होते. माझ्या डब्याचे ट्रे बिनस्क्रूचे, मी तिथे काही पिळलंच नव्हतं. साटाच्या सोनेरी पट्ट्यांवर केबल घातल्या-काढल्याचे चरे. सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला, तर उत्तर आलं की हा माल थेट यंत्र बनवणाऱ्या कंपनीला विकलेला, किरकोळ ग्राहकाला वॉरंटी नाही.

शून्य तासांचं काय मग? 'स्मार्ट' नावाची जी आरोग्यनोंद असते ती शून्यावर आणता येते, जुन्या गाडीचं मीटर मागे फिरवतात तसं. पण सीगेटच्या अलीकडच्या डिस्कमध्ये 'फार्म' नावाची आणखी एक वही असते. स्मार्टमॉनटूल्स या प्रोग्रामच्या 7.4 पासूनच्या आवृत्तीत ती वाचता येते. तिला हात लावायचं माझ्या ठकाला सुचलं नव्हतं. आकडा निघाला 27,412. वर्षाचे तास 8,760. म्हणजे तीन वर्षांहून जास्त, रात्रंदिवस.

जानेवारी 2025मध्ये जर्मनीतल्या हायझे या प्रकाशनाने हाच प्रकार उघडकीला आणला होता. नव्या म्हणून विकलेल्या सीगेटच्या डिस्क, आत 15 ते 50 हजार तास. त्यातल्या बऱ्याच चिया या चलनाच्या खाणकामातून आल्या असाव्यात असा संशय होता. त्या चलनाला हार्ड डिस्कची जागाच खायला लागते. 2021मध्ये लोकांनी ढिगाने डिस्क घेतल्या, भाव पडल्यावर त्या कुठेतरी जाणारच होत्या. जुनी डिस्क 'रीसर्टिफाइड' म्हणून उघडपणे स्वस्तात विकली तर माझी काही तक्रार नाही.

जाता जाता एक. डिस्क नवी असली तरी ती एसएमआर आहे का, म्हणजे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले पट्टे लिहिणारी, तेही विचारा. 2020मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' नावाच्या (लाल या अर्थाने) मालिकेतल्या 2 ते 6 टीबीच्या काही डिस्क न सांगता तशा निघाल्या होत्या, खास नॅससाठी म्हणून विकलेल्या. आरशासारख्या जोडीत प्रत पुन्हा बनवताना त्या रखडतात.

दुकानात गेलो तर, "आमचाच माल कशावरून?" बिलावर फक्त 'एचडीडी 8टीबी – 2 नग'. सिरियल नंबर नाही आणि मीही मागितला नव्हता. ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवली, तेव्हा एका डिस्कचे पैसे परत मिळाले, तेही दुकानदार नव्या खरेदीतून वळते करून घ्या म्हणत होता.

आता दोन डिस्क दोन वेगळ्या दुकानांतून घेतल्यात आणि तिसरी प्रत ताईच्या घरी असते. काउंटरवरच बिलावर सिरियल नंबर लिहायला लावला आणि पैसे द्यायच्या आधी वॉरंटी फोनवर तपासली. पोऱ्या वैतागला, पण लिहिला.

गणपतीच्या दोन फाइली गेल्या त्या गेल्याच. त्यांची टेप माळ्यावर बिस्किटांच्या डब्यात होती. काढून उजेडात धरली, तर रिळाच्या कडेला पांढरी बुरशी.